शब्दांचें कुळशील : रातांबा

विदर्भांतून कोंकणांत सासरीं आलेल्या एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. वैशाखांत सासूबाईंनीं "रातांबे फोडायला घे" म्हणून सांगितलें आणि या बाई माळ्यावर आंब्यांची आढी शोधूं लागल्या. घरांत हंशा पिकला. त्या विचारतात, "रातांबा म्हणजे रात्रीं पिकणारा आंबा असें मीं समजलें, यांत माझें काय चुकलें? आमसूल माहेरीं रोज आमटींत पडत असे, श्राद्धाच्या पानांत त्याची चटणी असे. पण ज्या फळाचें तें, त्याचें नांव कोणीं कधीं सांगितलें नाहीं."

हंसणारांना आमचा उलट प्रश्न असा कीं, रातांबा या शब्दाचा विग्रह त्यांच्यापैकीं किती जणांना येईल? हें फळ ज्यांच्या परसांत पिकतें त्यांतलेही पुष्कळसे ‘रात्र’ आणि ‘आंबा’ हेंच उत्तर देतात.

या शब्दाचा रात्रीशीं कांहीं संबंध नाहीं. संस्कृत ‘रक्त’ म्हणजे तांबडा. त्याचें प्राकृतांत ‘रत्त’ झालें व मराठींत ‘रात’. ‘रक्तालु’पासून रताळें आलें तें याच वाटेनें, तेथें आकार आखूड झाला इतकेंच. उत्तरपदाचा उलगडा मात्र इतका सरळ नाहीं. ‘आम्र’ व ‘अम्ल’ हे दोन्ही संस्कृत शब्द झिजून ‘अंब’ होतात. पहिल्यापासून आंबा आला, दुसऱ्यापासून आंबट आणि आंबणें. मग रातांबा हा तांबडा आंबा कीं तांबडें आंबट? आमचा कौल दुसऱ्या पक्षाला. हें फळ लिंबाएवढें, वाटोळें, पिकल्यावर काळपट तांबडें. आंत पांचसात बिया व आंबटगोड गर. त्यांत आंब्याचें साम्य तें काय? वैद्यकांतील निघंटूंत या झाडाला ‘वृक्षाम्ल’ म्हणतात, तेथेंही अम्लच आहे. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें याला गार्सिनिया पर्प्युरिया म्हटलें, तें रंगावरून. आतां शास्त्रीय नांव गार्सिनिया इंडिका असें रूढ आहे.

आतां सासूबाईंच्या आज्ञेकडे वळूं. त्यांनीं ‘कोकमें फोड’ म्हटलें नाहीं, आणि तें बरोबर होतें. झाडावर असतो तो रातांबा. तो फोडून गर व बिया काढल्या कीं हातीं राहतें तें सोल. सोलणें या क्रियापदाचेंच हें भावंड. गराच्या खारवलेल्या रसाला आगळ म्हणतात. त्या रसांत सोलें बुडवावीं, उन्हांत वाळवावीं, पुन्हां बुडवावीं, अशीं तीनचार पुटें दिलीं म्हणजे काळीं, मऊ आमसुलें तयार होतात. आंबसोल, आमसोल, आमसूल अशी ही उतरंड आहे. सोलकढींतलें सोलही हेंच. बियांचें तेल काढून तें थिजूं लागलें कीं मुठींत वळतात, म्हणून तें मुठेल. भेगाळलेल्या टांचांना तें लावण्याची चाल आहे. एका फळासाठीं एवढे शब्द ज्या घरांत रोज वापरांत आहेत, त्या घराच्या स्वयंपाकघराला आम्ही पाठशाळा म्हणूं.

गोमंतकांत याच फळाला भिरंड म्हणतात व त्याच्या तेलाला भिरंडेल. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें 1563 सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत ‘ब्रिंडोंइश’ म्हणून ज्याचा उल्लेख केला, तें हेंच. कानडींत त्याला मुरुगल म्हणतात.

कोकम हा शब्द आम्ही त्याज्य मानीत नाहीं. तो झाडालाही लागतो, सुक्या सालीलाही लागतो, आणि घाटावर तोच पोंचला, कारण घाट चढून गेलें तें सुकें आमसूल. रातांबा नासका, तो मागेंच राहिला. या पिकाला भौगोलिक मानांकन मिळालें, तेंही ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ या नांवानें. व्यापाराच्या सोयीचें म्हणून तें ठीक. पण मुंबईपुण्याच्या बाजारांत ‘ओलीं कोकमें’ अशी पाटी दिसते आणि कोंकणांतलीं मुलेंही झाडाखालीं उभीं राहून तसेंच म्हणूं लागलीं आहेत, तें आम्हांस खटकतें. ओलीं कोकमें म्हणजे ओले मनुके! द्राक्षाला आपण तसें म्हणत नाहीं. मग रातांब्याचाच विसर कां पडावा?

तेव्हां या भगिनीनें मनाला लावून घेऊं नये. त्यांनीं शब्दाला अर्थ विचारला; बाकीच्यांनीं तो विचारलाही नव्हता. पाककृतीच्या वहींत त्यांनीं असें लिहावें: रातांबे फोडले, सोलें वाळलीं, आमसूल आमटींत घातलें. रातांबा पुल्लिंगी, सोल व आमसूल नपुंसकलिंगी.

सावंतवाडी, राजापूर, कारवार या बाजूच्या वाचकांनीं रातांब्याच्या गराला, बियांना आणि त्यांच्या चोथ्याला आपापल्या घरीं काय म्हणतात तें आम्हांस कळवावें. घरांतील वृद्ध स्त्रियांना विचारून कळवल्यास अधिक बरें.