मालमोटारीची बैलजोडी

बेळगाव, खानापूर, निपाणी या परिसरात अशी कितीतरी मराठी घरे आहेत, की ज्यांचा संसार एका मालमोटारीच्या आधारावर उभा आहे. गळिताच्या हंगामात कारखान्याकडे ऊस, एरवी चोर्ला घाटाने गोव्याला भाजीपाला, कधी उद्यमबागेतील ओतकामाचा माल, असा तिचा वर्षभराचा क्रम. अशा घरांत टायर, डिझेल आणि कर्जाचा हप्ता यांची चर्चा नित्य होते. बॅटरीची आठवण मात्र ज्या पहाटे सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबतो, त्याच पहाटे होते. तोवर गाडीत भाजी भरलेली असते आणि बाजाराची वेळ टळू लागलेली असते.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यासाठी इंजिन आधी जोराने फिरवावे लागते आणि हे कष्टाचे काम बॅटरीला करावे लागते. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व आम्ल यांची ही बॅटरी प्रथम सिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे. बहुतेक मोठ्या मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवतात. ही बैलजोडीच म्हणावयाची. एक बैल थकला, की दुसराही फार दिवस टिकत नाही.

ही जोडी बिघडविणारी एक सवय आपल्याकडे सर्रास आढळते. टेप, पंखा किंवा शोभेचे दिवे १२ व्होल्टचे असतात, म्हणून त्यांची तार दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून घेतली जाते. मग ती बॅटरी सदा अर्धपोटी राहते आणि दुसरीला गरजेपेक्षा अधिक चार्ज मिळून तिचे पाणी आटते. अशा उपकरणांसाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा. एका बॅटरीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

तपासणी अवघड नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर प्रत्येक बॅटरी मीटरने स्वतंत्र मोजावी. १२.६ व्होल्ट वा थोडे अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. तथापि विश्रांती घेतलेली बॅटरी फसवू शकते. खरी परीक्षा ओझ्याखाली होते. सेल्फ मारतेवेळी एखादी बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर ती चार्ज करून पुन्हा पाहावी. तरीही घसरली, तर ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. इंजिन चालू असताना जोडीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसावेत. कमी दिसल्यास पट्टा व अल्टरनेटर आधी तपासावा; दोष त्यांचा असता नवी बॅटरीही उतरणारच.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरने सहाही घरे पाहावीत. पूर्ण चार्जनंतर बनावटीनुसार १.२४० ते १.२८० आकडा येतो. एखादे घर इतरांपेक्षा ०.०५० ने मागे राहिले, तर ते निकामी होत चालले आहे. पाणी घालावयाचे ते डिस्टिल्डच. आम्ल कधीही घालू नये. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून वर व्हॅसलीन लावावे. तार सोडताना ऋण टोक आधी, जोडताना शेवटी. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो. निपाणीचा तंबाखू कितीही नामांकित असो, बॅटरीवर वाकताना बिडी दूरच ठेवावी.

बदलावयाच्या तर दोन्ही बॅटऱ्या एकदम, एकाच बनावटीच्या व क्षमतेच्या घ्याव्यात. नवी-जुनी जोडी लावण्यात आज वाचलेले पैसे वर्षभरात दुप्पट जातात. शिवाय प्रश्न केवळ पैशांचा नाही. तवंदी घाटात रात्री गाडी बंद पडली आणि बॅटरी उतरल्याने मागचे दिवेही लागले नाहीत, तर मागून येणाऱ्या वाहनाला ती वेळेवर दिसणार नाही.

जुनी बॅटरी परसात ठेवू नये, भंगारासाठी फोडूही नये. आतले शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी; त्यासाठी २००१ पासून आपल्या देशात स्वतंत्र नियमही आहेत.

घरातील हिशेबाच्या वहीत एक पान या जोडीसाठी राखावे. खरेदीची तारीख आणि दरमहा दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे, एवढीच नोंद पुरे. आकडे उतरू लागले की घराला ते आधीच कळेल, आणि बदलण्याचा दिवस आपल्याला सोयीने ठरविता येईल.