उंच जोते आणि दादांची खुर्ची



नशिराबाद आणि साक्री येथील दोन भगिनींची पत्रे एकाच आठवड्यात हाती आली. दोघींची मागणी जवळजवळ एकच आहे. घरकुलाचे काम सुरू आहे, हाताशी थोडे पैसे आहेत, तर घर आतून देखणे कसे करावे ते लिहा. फरशी कोणती, रंग कोणता, छताला पीओपी करावे की नाही. मी कारकून माणूस, सजावटीतला जाणकार नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत जे पाहिले, त्यानंतर या प्रश्नाचे उत्तर मला पूर्वीसारखे देता येत नाही. म्हणून आधी ते सांगतो.

आमच्या शेजारचे दादा भुसावळला रेल्वेत खलाशी होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जळगावात घर बांधले. वास्तुशांती नाही, सत्यनारायण नाही. बुद्धवंदना घेऊन गृहप्रवेश झाला. जोते मात्र दोन फूट. मिस्त्री म्हणाला, दीड फूट पुरे. दादा म्हणाले, "नाही भाऊ, दोनच पाहिजे." मी तेव्हा त्यांच्याच बाजूने बोललो होतो. कारण त्यामागची भावना मला ठाऊक होती. आपल्या वाडवडिलांची घरे गावकुसाबाहेर, सखल जागेत. पाऊस पडला की गावाचे पाणी आपल्या चुलीत. वाकून आत जायचे, वाकूनच बाहेर यायचे. ज्याचे बालपण असे गेले, तो चार पैसे मिळाल्यावर जोते उंचच बांधणार. त्यात नुसता डौल नाही, मान आहे. आत पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, छताला पीओपीचे फूल, भिंतीत शोकेस. सारी वस्ती घर बघायला आली होती.

तीन वर्षांनी दादांना लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा चार जणांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. त्यानंतर दादा खाली उतरले नाहीत. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणारा हा माणूस. बाबासाहेब १९३७ साली तेथे मुक्कामाला होते, त्या आठवणीला वंदन करायला. त्यांना आता समोरच्या विहारात बुद्धपौर्णिमेला जाणेही जमेना. खिडकीतून वंदनेचा आवाज ऐकायचे.

खरी गोष्ट मे महिन्यात कळली. जळगावचा मे सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे. दादांना ग्लानी आली, लघवीला जळजळ, ताप. दवाखान्यात सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पडले आहे. घरात माठ भरलेला, सून कामसू, मग पाणी कमी कसे? सुनेने माझ्या पत्नीजवळ रडत सांगितले, "काकू, मामा पाणीच पीत नाहीत. पाणी प्यायले की मोरीत न्यावे लागते. मला उचलावे लागते, त्यांना लाज वाटते." मोरीचे दार सव्वीस इंचांचे. चाकाची खुर्ची दारातच अडायची. पुढे तीन इंचांचा उंबरा, आत गुळगुळीत फरशी आणि खाली बसायचे भांडे. सासऱ्याला दोन्ही हातांनी कवेत धरून बसवायचे आणि उठवायचे, दिवसातून पाच-सहा वेळा. सुनेच्या कमरेला पट्टा लागला होता आणि सासरा उन्हाळ्यात तहान मारत होता. मी त्या घरात आठवड्यातून दोनदा चहा प्यायला जात होतो. माझ्या एकदाही लक्षात आले नाही.

मग आम्ही काय केले ते तपशिलाने लिहितो, कारण त्याचा तुम्हाला उपयोग होईल.

पुढच्या दारी उतार करता येईना. उताराचा साधा हिशेब आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. सरकारी मार्गदर्शक सूचनांतही हेच एकास बारा प्रमाण आहे. दोन फूट म्हणजे चोवीस इंच, म्हणून चोवीस फूट उतार हवा. अंगण दहा फुटांचे. पुष्कळ जण अशा वेळी पायऱ्यांवरच घसरगुंडीसारखा उभा कोबा टाकतात. तसे कृपया करू नका. त्यावरून खुर्ची वर ढकलणारा थकतो आणि खाली उतरताना दोघेही पडतात. गल्लीतल्याच एका गवंड्याने युक्ती काढली. घराच्या बाजूच्या बोळात जमीन उंच होती, घराच्या फरशीपासून फक्त आठ इंच खाली. तिकडे एक खिडकी होती. ती खाली फोडून तीन फुटांचे दार केले, बाहेर भिंतीलगत आठ फुटांचा उतार आणि दारापुढे खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा. उतार घोटीव केला नाही, खराट्याने ओरखडे मारून खरखरीत ठेवला. कडेला तीन इंचांची विटेची पाळ, म्हणजे चाक घसरत नाही.

मोरीची भिंत साडेचार इंची. दाराची चौकट काढून तीन फुटांची बसवली, उंबरा काढला. पाणी बाहेर येईल अशी भीती सगळ्यांना वाटते. आतल्या फरशीला जाळीकडे नीट ढाळ दिला की येत नाही. दार बाहेर उघडणारे केले. हे फार महत्त्वाचे आहे. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असेल, तर त्याच्याच अंगामुळे दार अडते. कडीही अशी लावली की गरज पडल्यास बाहेरून काढता येईल. चकचकीत फरशी उखडून खडबडीत, मॅट फरशी बसवली. भांड्यावर ठेवायची मधे भोक असलेली कमोड खुर्ची आणली. भिंतीला दीड इंच जाडीचा पाइप आडवा लावला, बसल्यावर उजव्या हाताला येईल असा, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर. पाइप आणि भिंत यांत दोन इंचांची फट ठेवली, म्हणजे मूठ नीट बसते. साडेचार इंची भिंतीत नुसते स्क्रू धरत नाहीत, म्हणून आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी दिली. टॉवेल टांगायच्या दांडीवर माणसाचा भार टाकू नये, ती हातात येते.

पहिल्या दिवशी दादांनी तो पाइप धरला आणि सुनेचा फक्त एक हात घेऊन स्वतः बसले. त्या दिवशी दुपारी त्यांनी तांब्याभर पाणी मागून घेतले.

दांडी, खुर्ची आणि खडबडीत फरशी यांचा खर्च मी स्वतः मांडला आहे. पुढच्या खोलीतल्या पीओपीच्या फुलाला याहून जास्त पैसे गेले होते. पीओपीवर माझा राग नाही, पण क्रम चुकला होता. दार आणि भिंत फोडायचा खर्च वेगळा, आणि तो सर्वांत जास्त आला. चौकट घेतानाच सव्वीसऐवजी छत्तीस इंचांची घेतली असती तर तो वाचला असता. साक्रीच्या ताई, तुमच्या चौकटी अजून बसलेल्या नाहीत असे पत्रात आहे. आजच सुताराला सांगा.

आता खोलीविषयी. रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे असते. एवढ्या जागेत देखणेपणा कसला, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते लहान घराला सर्वांत शोभा येते ती मोकळ्या जमिनीने. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. मधला काचेचा टीपॉय काढला की ती बहुधा निघते. खोल, मऊ सोफासेट घेऊ नका. त्यात म्हातारी माणसे रुततात आणि त्यांना उठता येत नाही. दीड फूट उंचीचा कडक दिवाण बरा. त्यावर घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी टाका, बाजारच्या चादरीला मागे टाकील. जळगावच्या चटया देशभर जातात, आपल्याच वस्तीतली कितीतरी माणसे त्या कारखान्यांत काम करतात. पण चकचकीत फरशीवर मोकळी टाकलेली चटई पायाखालून सरकते. ती दिवाणाखाली एका बाजूने दाबून टाका किंवा जाण्या-येण्याच्या वाटेत टाकूच नका. कूलरची वायर दारातून आडवी नेऊ नका. हे दोन नियम पाळले तरी निम्मी पडझड टळेल असे मला वाटते.

रंगाचे सांगतो. तीन भिंती पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या ठेवा आणि एकच भिंत निळी करा. निळा आपला आहेच, शिवाय त्या भिंतीसमोर पांढरे बटण, पांढरी दांडी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यालाही दिसते. पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा पट्टा ओढा. घरात एकच रंग असला की म्हाताऱ्यांना पायरी कुठे संपते ते कळत नाही. बटणे साडेतीन फुटांवर घ्या, मग लहान मूल आणि खुर्चीतला माणूस दोघांनाही पोहोचतात. छतावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात मारा. आमच्या आजोळी, धुळे तालुक्यात, धाब्याचे घर होते. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, वैशाखातही आत गार. पत्र्याच्या घराला तो गारवा नाही, आणि जो अंथरुणाला खिळला आहे त्याला सावली बदलून बसता येत नाही.

वंदनेच्या जागेविषयी थोडा वाद ओढवून घेतो. आपण तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा पाच-सहा फुटांवर फळी ठोकून ठेवतो. भावना आदराची आहे. पण दादांना फूल वाहता येत नव्हते, मेणबत्ती लावता येत नव्हती, नातू करायचा आणि ते बघायचे. आम्ही अडीच फूट उंचीचे साधे टेबल केले, खाली गुडघे जातील असे मोकळे, वर पांढरे वस्त्र. एका उपासकाने विचारले की हे कमी उंचीवर योग्य आहे का? माझे उत्तर एवढेच की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या सोहळ्यात बाबासाहेब स्वतः काठीच्या आधाराने उभे होते. मधुमेह आणि पायांचे दुखणे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. पाय दुखणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी टेबल खाली आणले तर त्यांचा अवमान होतो, हे मला पटत नाही. पुस्तकांचेही तसेच. दादरचे राजगृह बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले, आपण निदान एक कपाट तरी नीट मांडू. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड वजनदार आहेत. ते वरच्या फळीवर शोभेला न ठेवता कमरेच्या उंचीवर ठेवा.

मात्र सगळ्यांना एकच माप लागत नाही, हे मी धुळ्याला शिकलो. माझी मावसबहीण लहानपणी पोलिओ झालेली, हातांवर सरकत चालते. चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक तिचा. घर नवे झाले, ग्रॅनाइटचा उभा ओटा आला आणि ती स्वयंपाकघराबाहेर गेली. कोणी तिला काढले नाही, ओट्यानेच काढले. ती म्हणाली, "दादा, आता मला नुसतं ताट आणून देतात." गॅसची शेगडी खाली ठेवणे धोक्याचे, कारण शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच हवी. म्हणून तिच्यासाठी सव्वा फूट उंचीची शहाबादी फरशीची लांब पाटी बसवली आणि त्यावर विजेची शेगडी ठेवली. कणीक, भाजी, भाकरी पुन्हा तिच्या हाताला आली. शेवभाजीला तिचा हात लागला नाही तर चव येत नाही, हे घरातले आता कबूल करतात. तेव्हा वीट लावण्याआधी त्या माणसाला विचारा.

पैशाचे दोन शब्द. केंद्राच्या योजनेतून दिव्यांगांना चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र मिळू शकते. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, त्यात ६५ वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी एकवेळचे ३,००० रुपये ठरले. सध्या अर्ज घेत आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. आपल्या घरातल्या माणसाचा त्यात समावेश आहे, हेच अनेकांना माहीत नसते, म्हणून प्रमाणपत्रही काढलेले नसते.

शेवटी माझ्यावरच येतो. आमच्या विहाराला पाच पायऱ्या आहेत, तीस इंच उंची. बांधकाम समितीत मी होतो आणि त्या पायऱ्यांच्या बाजूने मीच हात वर केला होता. विहाराच्या कडेला बावीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद पट्टी मोकळी आहे. तीस फूट उतार एका दमात बसत नाही, पण पंधरा फूट जाऊन, पाच फुटांच्या सपाट जागेवर वळून, पंधरा फूट परत आणला तर बसतो. प्रत्येक पट्टा चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. मागच्या रविवारी फीत धरून मोजले, दादा खुर्चीत बसून आकडे लिहून घेत होते. वाळू आणि सिमेंटचे पैसे जमले आहेत. गवंडी रविवारचे काम फुकट करणार आहे. कठड्याचा पाइप अजून मिळायचा आहे. ज्यांच्याकडे पडून असेल त्यांनी कळवावे.