आधी पडताळा, मग अभिमान

‘अल्गोल ताऱ्याचं तेज कमी-जास्त होतं हे अरबांना हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी त्याला भुताचं नाव दिलं’, असा संदेश मधूनमधून माझ्या मोबाईलवर येतो. वाचून छाती फुगते. पण हे खरं आहे का?

‘रास अल-गूल’ म्हणजे राक्षसाचं डोकं. टॉलेमीच्या तारकासूचीत हा तारा मेदुसाच्या शिरात आहे. अरबी नाव त्यावरूनच आलं. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीने दिलेल्या प्रती जशाच्या तशा न उतरवता त्यांनी तारे स्वतः पाहिले आणि पटलं नाही तिथे आकडे बदलले. मात्र अल्गोल बदलतो अशी नोंद त्यांच्या ग्रंथात नाही.

सतराव्या शतकात इटलीच्या मोंतानारींना हा बदल जाणवला. पण तो नियमित आहे हे १७८३ मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने दाखवलं. रात्रीमागून रात्री पाहून त्याने काळ मोजला : २ दिवस २० तास ४९ मिनिटे. एखादं काळोखं बिंब आड येत असावं, हा त्याचा एक तर्क पुढे खरा ठरला.

ही परीक्षा आपणही घेऊ शकतो. हिवाळ्यात ययाती तारकासमूह शोधा. एरवी अल्गोल शेजारच्या देवयानीतल्या अलमाकच्या तोडीचा दिसतो. ग्रहणाच्या ऐन वेळी तो ययातीतल्याच डेल्टा आणि एप्सिलॉनपेक्षाही मंद होतो. तुलना साधारण सारख्याच उंचीवरच्या ताऱ्यांशी करा, कारण क्षितिजाजवळचा तारा हवेमुळेच मंद भासतो. वेळ लिहा. आणि मुख्य म्हणजे, आज काय दिसायला हवं ते वेळापत्रकात आधी पाहू नका; मन डोळ्यांना फसवतं. बदल दिसला नाही, तर तसंच लिहा. ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच असते.

पूर्वजांच्या नावावर न केलेला शोध चढवला, की त्यांनी खरोखर केलेलं कामही लोक संशयाने पाहू लागतात. अल-सूफींचा मोठेपणा पुन्हा तपासण्यात होता. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर संदेश पुढे ढकलण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहावं.