चित्र हरवले नाही, पत्ता चुकला

संगणकाच्या प्रकल्पांविषयी या वेळी थोडे स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. घरी तयार केलेले वेबपान घरी उत्तम दिसते. पेन ड्राइव्हवरून शाळेत आणले की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. विद्यार्थी म्हणतो, शाळेचा संगणक जुना आहे. पालक म्हणतात, पेन ड्राइव्ह खराब आहे. गुण मात्र जातात, आणि संचालक मंडळापुढे नव्या यंत्रांची मागणी येते. आमच्या मते अशा वेळी बहुधा यंत्राचा दोष नसतो. पत्ता चुकलेला असतो.

'बसस्टँडच्या मागे, दुसरे घर' हा सापेक्ष पत्ता. चिकोडीत उभे राहून शोधले तर एक घर सापडेल, निपाणीत उभे राहून शोधले तर भलतेच. गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड ५९१२०१ हा पूर्ण पत्ता. तो कोठूनही टाका, पत्र चिकोडीलाच येणार. मग पूर्ण पत्ताच बरा, असे कोणालाही वाटेल. संगणकात नेमके येथेच फसायला होते. पिन कोड देशभर एकच आहे, पण प्रत्येक संगणक हा जणू वेगळा देश! 'डी ड्राइव्ह, त्यात प्रकल्प, त्यात चित्रे, त्यात किल्ला' हा पत्ता फक्त घरच्या यंत्रावर खरा. शाळेत पेन ड्राइव्हला ई किंवा एफ असे दुसरेच अक्षर मिळते, आणि तेथील डी ड्राइव्हवर ते फोल्डर नसतेच. त्याऐवजी पानात 'चित्रे, त्यात किल्ला' एवढेच लिहिले, तर ते पान ज्या फोल्डरमध्ये आहे तेथून शोध सुरू होतो. सगळे फोल्डर एकत्र उचलून कोठेही न्या, चित्र दिसते.

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते संस्कृतचे कवीही होते. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांचा घोळ त्यांना मिटवायचा होता. आपल्या सीमाभागात हे वेगळे समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी जुन्या नावाचे पत्र कोठे न्यायचे हे पोस्टमनला कळते. संगणकाला ही समज नाही. फोल्डरच्या नावात एक अक्षर बदलले तरी 'फाइल सापडली नाही' असे तो सांगून मोकळा. इंग्रजी अक्षर लहान की मोठे, याकडे विंडोज सहसा कानाडोळा करते. लिनक्स करत नाही.

वरच्या वर्गांत पायथॉन शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथे सापेक्ष पत्ता प्रोग्रॅमच्या फाइलपासून मोजला जात नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला, तेथून मोजला जातो. म्हणूनच काल चाललेला प्रोग्रॅम आज अडतो. अशा वेळी आधी चालू फोल्डर कोणते ते छापून पाहावे, चुकीच्या संदेशातला पत्ता शेवटपर्यंत वाचावा, आणि मगच सरांना हाक मारावी.

पालकांना विनंती, की प्रकल्प बाहेरून पैसे देऊन पुन्हा करून घेण्याआधी मुलाला तो पत्ता दाखवायला सांगा. संचालक मंडळाने नव्या यंत्रांचा विचार अवश्य करावा, पण या तक्रारीच्या आधारे नव्हे; नव्या यंत्रावरही ती चौकट रिकामीच राहील.

शिक्षकांकडे आमची मागणी एवढीच, की येत्या सादरीकरणापासून प्रत्येक प्रकल्प आठवडाभर आधी कक्षातील दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. चित्र दिसले नाही तर मुलाला दुरुस्तीला वेळ द्यावा, आणि त्यानंतरच गुण द्यावेत.