‘सेंटेन्स’ म्हणजे वाक्य नं?

देवळी तालुक्यातल्या एका शाळेत गेल्या महिन्यात नववीचा इंग्रजीचा तास पाहायला बसले होते. बाईंनी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातला अहमदाबादच्या खटल्याचा प्रसंग लावला. साल १९२२, आरोप राजद्रोहाचा. आरोपी आत येतो आणि न्यायाधीश ब्रूमफिल्ड खुर्चीतून उठून उभे राहतात. ते पाहून बाकीचे गोंधळतात, मग तेही उठतात.

पहिल्या वेळी आवाज बंद होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, जज कायले उभा झाला?” बाईंनी उत्तर दिले नाही, प्रसंग पुन्हा लावला, या वेळी आवाजासह. सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ‘सेंटेन्स’ हा शब्द कानावर पडला आणि एक मुलगी म्हणाली, “सेंटेन्स म्हणजे वाक्य नं? मंग जज वाक्य कायचं देऊन राहिला?”

हे संपादकीय त्या प्रश्नापायी लिहिते आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले. या मुलीने नऊ वर्षे प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ‘सेंटेन्स’ वाचला आहे. त्याचा दुसरा अर्थ आपण फळ्यावर लिहून दिला असता, तर तो घटक चाचणीपर्यंत टिकला असता. आता तिने शिक्षा देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे अवघडलेपण पाहिले आहे आणि शब्द त्या चेहऱ्यासकट तिच्याजवळ राहील. बाईंनी लोखंड तापलेले पाहून ‘टर्म’ घेतला: शाळेची पहिली टर्म आणि कैद्याची टर्म. मग ‘चार्ज’: मोबाइलचा, लाठीचार्जमधला, मुख्याध्यापक रजेवर जाताना दुसऱ्याकडे सोपवतात तो, आणि कोर्टात ठेवला जातो तोही. चारही मुलांच्या ओळखीचे निघाले. ते एकच आहेत हे मात्र कोणी त्यांना सांगितले नव्हते.

आपल्यातले काही शिक्षक उत्साहाने अख्खा चित्रपट लावतात. तसे करू नका. वेब आणि रॉजर्स यांनी २००९ मध्ये शेकडो चित्रपटांचे संवाद मोजले, तेव्हा त्यातले ९५ टक्के शब्द ओळखीचे असायला सुमारे तीन हजार शब्दकुटुंबे यावी लागतात, असे दिसले. आपल्या नववीच्या पोरांकडे तेवढी पुंजी नसते. दोन तासांच्या चित्रपटात ती गोष्ट पाहतात, भाषा त्यांच्या डोक्यावरून जाते. दोन मिनिटांचा प्रसंग तीनदा दाखवला तर एकेक शब्द हाती लागतो. खाली मराठी ओळी नकोत. डोळे मराठी वाचू लागले की कान मिटतात. इंग्रजी ओळी चालतील, त्याही तिसऱ्या वेळी. टाचणात पाचच्या वर शब्द लिहू नका.

प्रसंग निवडताना त्यात कोणाचे तरी काही पणाला लागलेले आहे का, एवढे पाहा. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) शशी गोडबोले ‘जॅझ’चा उच्चार चुकवते आणि घरचेच हसतात. तो प्रसंग लावलात तर वर्गातली न बोलणारी मुले काय करतात याकडे लक्ष ठेवा. ती पडद्यावरून नजर काढत नाहीत. आणि ‘गांधी’ लावलात तर कस्तुरबा रोहिणी हट्टंगडींनी साकारल्या, कपडे कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, हेही जरूर सांगा. ‘कॉस्च्यूम’ हा शब्द मग वेगळा शिकवावा लागत नाही.

‘वर्धेत राहून इंग्रजीचे हे कौतुक?’ असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे असे ठरवले. गांधीजींच्या आराखड्यात मॅट्रिकइतके ज्ञान होते, पण इंग्रजी वगळून. तो आग्रह मला आजही पटतो. म्हणूनच देवळीच्या त्या तासात मुलांनी प्रश्न आपल्या बोलीत विचारले आणि बाईंनी ते बोलीतच स्वीकारले, याचे मला मोल वाटते. चरख्यावर बसून ‘पेळू’ हा शब्द शिकणारे मूल आणि खटला पाहून ‘सेंटेन्स’ शिकणारी ही मुलगी, दोघांनाही शब्द वस्तूसकट मिळाला.

तिसऱ्यांदा प्रसंग लावणार, तेवढ्यात लाइन गेली. बाईंनी प्रोजेक्टर बाजूला सारला आणि टेबल पुढे ओढले. “कायले उभा झाला” असे विचारणारा मुलगा न्यायाधीश झाला. ती मुलगी आरोपी. ती दारातून आत आली. पोरगा बसूनच होता, क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग कोणी न सांगता उठला. “सिक्स इयर्स,” तो म्हणाला आणि अडला. वर्ग गप्प होता. तिनेच हळू आवाजात त्याला शब्द पुरवला.