रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले काय?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून कृष्णेचे पाणी लातूरला आले. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्येच शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती. ज्या कृष्णेने लातूरची तहान भागविली तिलाच नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि इचलकरंजीतील कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी या पंचगंगेत वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचा आहे, असे मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी मानू नये. दुष्काळी मुलखाला नदी बिघडण्याची किंमत अधिक नेमकी कळावयास हवी.

या प्रश्नावर विज्ञानाचे उत्तर नाही असे नाही. सुती कापडाला दिलेला रिअॅक्टिव्ह रंग सगळाच धाग्याला धरत नाही. प्रकारानुसार त्याचा १० टक्क्यांपासून जवळजवळ निम्म्यापर्यंतचा भाग पाण्याबरोबर वाहून जातो. सक्रिय कोळसा हा रंग शोषून घेतो. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचे क्षेत्रफळ ५०० ते १००० चौरस मीटर भरते. जोडीला मेंब्रेनची गाळणी असली की काळेनिळे पाणी नितळ होऊन बाहेर पडते.

परंतु फसगत येथेच होते. रंगाईत वापरलेले मीठ कोळसा अडवीत नाही. ते नदीत आणि तेथून शेतात जाते. ते अडविणारे मेंब्रेन वेगळे असते, आणि त्यातून उरलेले खारे पाणी आटविण्यास अफाट इंधन लागते. कोळसाही एक दिवस भरतो. मग तो भट्टीत तापवून पुन्हा कामाला आणावा लागतो. तसाच टाकला तर नदीतले विष जमिनीवर आले, एवढाच फरक. शिवाय २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. काविळीचा विषाणू मैलापाण्यातून येतो आणि त्याला रंग नसतो. कारखानदार आणि अधिकारी नितळ पाण्याचा पेला दाखवितात, तेव्हा या गोष्टी विचारावयास हव्यात.

आणखी एक बाब लातूर-नांदेडच्या जिव्हाळ्याची आहे. तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचे चिपाड यांपासून स्वस्त सक्रिय कोळसा बनविण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. या वस्तूंना तेथे ‘शेतीतील टाकाऊ माल’ म्हणतात. भूमिहीन मजुराच्या घरी मात्र तुराटी टाकाऊ नसते. तिच्यावर चूल पेटते आणि तिचे कूड उभे राहतात. उद्या हा धंदा वाढला, तर त्या तुराटीचा योग्य भाव कोणाच्या पदरात पडणार, आणि चुलीला पर्याय कोण देणार, हे आधीच ठरले पाहिजे.

खर्च कोणी सोसावा, हा खरा वाद आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात मान्य केले. तरीही तिरुपूरमध्ये नोय्यल नदी नासली, खालच्या अंगाची शेती बुडाली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने शेकडो रंगशाळा बंद झाल्या. शेतकऱ्यांची मागणी न्याय्यच होती. पण ज्यांनी नदीत नळ सोडण्याचा निर्णय कधीच घेतला नव्हता, त्या कामगारांचा रोजगारही त्याच दिवशी गेला. शेतकरी आणि कामगार यांना असे एकमेकांसमोर उभे करणे भांडवलदाराच्या सोयीचे असते.

लहान कारखानदार म्हणतो, मला हे परवडत नाही. त्यात तथ्य आहे, कारण तो बहुधा दुसऱ्याचे कापड मजुरीवर रंगवून देतो. म्हणूनच सामुदायिक शुद्धीकरणाचा भार कापडाचा मालक असलेल्या व्यापाऱ्यावर आणि मोठ्या कंपन्यांवर पडावा. कारखाना बंद राहील त्या काळाची मजुरी कामगाराला मिळावी. भरलेला कोळसा आणि गाळ हाताळणाऱ्यांना संरक्षण मिळावे. पाण्यातील मिठासह सर्व तपासण्यांचे आकडे दरमहा मराठीत, गावाच्या चावडीवर लागावेत.

कोळसा रंग शोषून घेईल. त्याचा खर्च मजुराच्या आणि शेतकऱ्याच्या माथी जाऊ न देणे हे चळवळीचे काम आहे. त्यासाठी कोणतीही गाळणी बाजारात मिळत नाही.