रात्री राजा, सकाळी बोजा

दशावतारी नटाबद्दल आमच्या पेडण्यात आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात एक म्हण आहे : ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ रात्रभर मुकुट घालून हुकूम सोडणारा राजा पहाटे रंग पुसायचा आणि पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरायचा. आता पेटारे टेम्पोतून जातात. म्हण मात्र तेवढीच खरी राहिली आहे. आपण ती हसत हसत सांगतो. तिच्यात हसण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला, याची मला लाज वाटते.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हायस्कुलात दहावीला एक मुलगा होता. जत्रांचा मोसम सुरू झाला की पहिल्या तासाला तो बाकावर डोके टेकून झोपायचा. बाप नाटक कंपनीत स्त्रीपार्टी, मुलगा झांज धरायचा. स्नेहसंमेलनात त्याने संकासूर केला. लिहिलेला संवाद एकही नाही. सगळे जागच्या जागी सुचलेले. मराठी खणखणीत, मध्येच कोकणीचा फटका. मी मराठीचा एम. ए., पण मला तसे एक वाक्य सुचले नसते. आणि त्याच आठवड्यात मी त्याच्या बापाला बोलावून सांगितले, “पोराला या नादातून काढा. पोट भरायचे नाही.” बाप खाली मान घालून म्हणाला, “सर, तुमी सांगतात तें खरें.” मुलगा आज एका हॉटेलात रात्रपाळीचा रखवालदार आहे. जागरण सुटले नाही. नाटक तेवढे सुटले.

माझा सल्ला व्यवहाराला धरून होता. म्हणूनच तो व्यवहार बदलला पाहिजे, असे मी म्हणतो. काम करणाऱ्या कलावंताला सरकारने किमान उत्पन्नाची हमी द्यावी. बक्षीस नको, दया नको; हमी हवी.

सरकार काहीच करत नाही, असे नाही. गोव्यात कला सन्मान योजना आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचे मानधन २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले. चांगलेच झाले. पण ‘ज्येष्ठ’ हा शब्द पाहा. उमेदीत उपास आणि म्हातारपणी मानधन! झाड वाळल्यावर बुंध्याला पाणी घालण्याचाच हा प्रकार. डिचोलीच्या चित्रशाळेत मातीच्या गणपतीमागे अनुदान मिळते. पण चतुर्थी सरल्यावर चिताऱ्याच्या घरची चूल कशी पेटते, हे कोण विचारतो? दशावताराचे तसेच. तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंत रात्रीमागून रात्र. पाऊस पडला की दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, तेव्हा मोसम ऐन भरात होता. पेटारे माळ्यावर चढले.

आता डिचोलीकरांना मी एक आठवण करून देतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभे राहिले. तेव्हा सरकारने ट्रकमालकांना मासिक मदत दिली. मी तिच्या विरोधात नाही. माझ्या विद्यार्थ्यांची घरे तिच्यावर तगली. पण उभ्या ट्रकाला भत्ता देणाऱ्या राज्यात बंद पायपेटीला तो का नसावा? चाक थांबले की संकट आणि सूर थांबला की नशीब, हा कुठला न्याय?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला : कलावंत कोण, हे ठरवणार कोण? उद्या सगळा गाव कलावंत होईल! होऊ दे ना, पण रात्रभर उभे राहून दाखवू दे. फ्रान्समध्ये नाटक-सिनेमातल्या लोकांना बेकारीभत्ता मिळतो, तो वर्षभरात ५०७ तास काम केल्याच्या नोंदीवर. आपल्याकडे मोसमातल्या रात्री मोजाव्यात. कोणत्या देवळात कोणत्या तिथीला कोण उभा राहिला, हे देवस्थान समितीला ठाऊक असतेच. ते वहीत उतरवायचे, एवढेच.

दुसरा आक्षेप : सरकारचे मीठ खाल्ले की कलावंत मिंधा होतो. मिंधा तो आजच होतो. अर्ज, शिफारस, आमदाराची चिठ्ठी, कार्यक्रमात पुढाऱ्याला नारळ. मेहेरबानी मिंधे करते, हक्क करत नाही. मी सरकारी अनुदानावर पगार घेतो आणि तरी हे लिहितो आहे.

तिसरा : पैसा कुठून आणणार? साधे त्रैराशिक मांडू. समजा दोन हजार कलावंत, पावसाळ्याचे पाच महिने, दरमहा ६,००० रुपये. वर्षाला सहा कोटी. पणजीतल्या कला अकादमीच्या इमारतीच्या नूतनीकरणावर पन्नास कोटींहून अधिक खर्च झाला. कलेच्या छपराला पैसे आहेत, छपराखालच्या माणसाला नाहीत!

आयर्लंडने २०२२ साली दोन हजार कलावंत सोडतीने निवडले आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो दिले. देश बुडाला नाही. उलट, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही योजना कायम करण्याचे जाहीर केले. आणि आपल्याला परदेशात जायला तरी कशाला हवे? गोव्याच्या गावांत देवळाच्या सेवेकऱ्यांना नमशीची जमीन होती. वाजंत्र्याला प्रत्येक थापेचे पैसे मोजून देत नव्हते. त्याच्या पोटाची सोय आधी करीत आणि मग तो वाजवीत असे. त्या व्यवस्थेत जन्माची बेडी होती. ती तुटली, हे उत्तम झाले. पण बेडीबरोबर आपण भाकरीही फेकून दिली. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशीचे. तिघांनाही नाव मिळवायला गोव्याबाहेर जावे लागले. त्यांच्या नावाने समारोह भरवताना हे आपण विसरतो.

एक गोष्ट मराठी वाचकांना स्पष्ट सांगतो. ही हमी भाषा पाहून देऊ नये. सासष्टीतल्या तियात्रिस्ताला ती मिळाली, तर माझ्या पोटात दुखणार नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण ‘मराठी की कोकणी’ म्हणून पुष्कळ भांडलो. त्या भांडणात दोन्हीकडचा नट उपाशीच राहिला. आमच्या रंगमंचावर राजा मराठीत बोलतो, संकासूर कोकणीत थट्टा करतो. दोघे एकाच पंगतीला जेवतात. मग सरकारी वहीत तरी त्यांना वेगळे का बसवायचे?

तेव्हा वाचकहो, येत्या मोसमात दोन कामे करा. गावच्या देवस्थान समितीला कलाकारांच्या रात्रींची वही घालायला लावा. आणि जत्रेला पुढारी आले, की पहिल्या रांगेतली खुर्ची देण्याआधी त्यांना विचारा : “या राजाला मिरगानंतर कोण पोसणार?” उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मीही विचारणार आहे. एका पोराला रंगमंचावरून खाली उतरवण्याचे पाप माझ्या खात्यावर आहे. दुसऱ्याला उतरवायची वेळ माझ्यावर येऊ नये.